एपीआयच्या एरर एका साच्यात आणायच्या कशा

तुर्भ्याच्या एका गोदामासाठी ट्रकला गेटची वेळ नेमून देणारी सेवा आहे असं धरून चालू. नाशिककडून कांदा घेऊन आलेला ड्रायव्हर मुंब्रा बायपास उतरून शीळफाट्याला पोचला की मोबाइलवर स्लॉट घेतो, गेटवरचा माणूस टॅबवर तो तपासतो, आणि व्यापारी वाशीच्या ऑफिसात बसून वेबवर बघतो. मागे त्या सेवेच्या एपीआयचे (ॲप आणि सर्व्हर ज्यातून बोलतात त्याचे) एंडपॉइंट, म्हणजे रिक्वेस्ट घेणारे पत्ते, चार. आता कुणी गाळा क्रमांक चुकीचा टाकला तर काय होतं? स्लॉट शोधणारा एंडपॉइंट ४०४ हा स्टेटस कोड (निकाल सांगणारा आकडा) देतो, बॉडी, म्हणजे उत्तरातला मजकूर, रिकामी. बुकिंग करणारा २००, म्हणजे यश, देतो आणि आत 'सक्सेस: फॉल्स' लिहितो. रद्द करणारा ४०० देतो, सोबत इंग्रजी वाक्य. वजन नोंदवणारा ५०० देऊन स्टॅक ट्रेससकट (कोड कुठे फसला त्याची आतली यादी) एचटीएमएलचं पानच पाठवतो. चूक एक, उत्तरं चार. ॲपमध्ये मग चार जागी चार वेगळे इफ बसतात, पाचव्या स्क्रीनवर कुणीतरी वैतागून 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' लिहून मोकळा होतो, आणि ड्रायव्हर गेटपाशी तेच बटण दाबत राहतो. गाळा क्रमांक मुळातच चुकीचा आहे. दहाव्यांदा दाबूनही तो बरोबर होणार नाही.

हे निस्तरताना बहुतेक टीम थेट 'कॉमन एरर क्लास' लिहायला बसतात आणि तिथेच फसतात. आपल्या एपीआयमधून आज नेमक्या किती आकारांच्या एरर बाहेर पडतात हे आधी मोजा.

आधी मोजणी

चाचणीच्या सर्व्हरवर प्रत्येक एंडपॉइंटला मुद्दाम वाईट रिक्वेस्ट मारायच्या. ही यादी पुरेशी आहे: जेसॉनच्या (डेटा पाठवायच्या ठरलेल्या साच्याच्या) शेवटी जादा स्वल्पविराम, सक्तीचं फील्ड गाळलेलं, आकड्याच्या जागी मजकूर, अस्तित्वात नसलेला आयडी, टोकन (लॉगिन झाल्याची खूण) नाही, मुदत संपलेलं टोकन, दुसऱ्या व्यापाऱ्याचं टोकन, पोस्ट या पद्धतीच्या जागी पुट, चुकीचा कंटेंट-टाइप (बॉडीचा प्रकार सांगणारा हेडर), दोन एमबीची बॉडी, आणि मुळात नसलेलाच पत्ता. अकरा प्रकार गुणिले चार एंडपॉइंट, म्हणजे चव्वेचाळीस उत्तरं. प्रत्येकाचे तीनच रकाने लिहा: स्टेटस कोड, कंटेंट-टाइप, आणि बॉडीतल्या सगळ्यात वरच्या पातळीवरच्या फील्डांची नावं, तीही त्यांच्या डेटाटाइपसह. तिसऱ्या रकान्यातले वेगवेगळे संच मोजले की आकारांचा आकडा हाती येतो.

डेटाटाइप का लिहायचा, ते फास्टएपीआय (पायथनचं वेब फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांना लगेच कळेल. व्हॅलिडेशन (आलेल्या माहितीची तपासणी) फसलं की फास्टएपीआय ४२२ देतं आणि 'डिटेल'मध्ये यादी पाठवतं. तुम्ही स्वतः एचटीटीपी-एक्सेप्शन फेकलं की त्याच 'डिटेल'मध्ये साधा मजकूर येतो. आणि न पकडलेलं एक्सेप्शन सुटलं तर जेसॉनच येत नाही, 'इंटर्नल सर्व्हर एरर' एवढे तीन शब्द प्लेन टेक्स्टमध्ये येतात. एकाही डेव्हलपरने काही चुकीचं लिहिलेलं नसताना तीन आकार तयार! जँगो रेस्ट या पायथनच्याच दुसऱ्या फ्रेमवर्कमध्येही हाच प्रकार: व्हॅलिडेशनच्या एरर फील्डच्या नावाखाली येतात, बाकीच्या 'डिटेल'खाली, आणि राउटरलाच न सापडलेल्या पत्त्याचा ४०४ जँगोच्या एचटीएमएल पानात. जावाच्या स्प्रिंगमध्ये कंट्रोलर-ॲडव्हाइस (एरर एका जागी हाताळणारा क्लास) लिहून लोक निर्धास्त होतात, पण सिक्युरिटीचे फिल्टर कंट्रोलरच्या आधी चालतात, त्यामुळे ४०१ आणि ४०३ त्या ॲडव्हाइसपर्यंत सहसा पोचतच नाहीत. त्यांच्यासाठी ऑथेंटिकेशन-एंट्री-पॉइंट आणि ॲक्सेस-डिनाइड-हँडलर वेगळे लिहावे लागतात.

दोन एमबीची बॉडी यादीत आहे ती एन्जिनएक्ससाठी, म्हणजे ॲप्लिकेशनच्या पुढे बसून रिक्वेस्ट आत पोचवणाऱ्या प्रॉक्सीसाठी. त्याची मूळची मर्यादा एक एमबी असते. वजनकाट्याच्या पावतीचा फोटो त्याहून मोठा असला की ४१३ येतो, एचटीएमएलमध्ये, आणि तुमच्या ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये त्याची एक ओळही नसते, कारण रिक्वेस्ट तिथवर आलेलीच नाही. 'आमच्याकडे तर काहीच दिसत नाही' हे वाक्य ऐकू आलं की आधी प्रॉक्सीचा लॉग उघडा.

एररची वाटणी कारणावरून करू नका

मोजणी झाली की मोह होतो तो कारणांची यादी करण्याचा: डेटाबेसची एरर, नेटवर्कची एरर, नियमाची एरर. ही वाटणी आपल्याला कामाची, समोरच्याला नाही. समोरच्या प्रोग्रामला एकच गोष्ट हवी असते: आता मी काय करू? त्याची उत्तरं पाचच निघतात. रिक्वेस्ट दुरुस्त कर. पुन्हा लॉगिन कर. थांब आणि तीच रिक्वेस्ट परत पाठव. नाद सोड, माणसाला सांग. आणि पाचवं, जे निम्म्या टीम विसरतात: काम झालं की नाही हे माहीत नाही, आधी विचारून घे.

प्रत्येक एरर या पाचांपैकी एकीतच बसली पाहिजे. दोन्हीकडे बसतेय असं वाटलं तर ती खरं म्हणजे दोन एरर आहेत. 'स्लॉट मिळाला नाही' हे त्यातलंच: गोदामच बंद असेल तर नाद सोडायचा, आणि तेवढा तास भरला असेल तर दुसरी वेळ निवडून रिक्वेस्ट दुरुस्त करायची. दोन वेगळे कोड द्या.

स्टेटस कोड: कमी वापरा, पण तसेच वापरा

नऊ-दहा कोडांत भागतं. वाचताच येत नाही अशा रिक्वेस्टला ४००. ओळखच पटली नाही तर ४०१, आणि त्यासोबत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर द्यावाच लागतो, तसं स्टँडर्ड सांगतं, गाळणारेच जास्त. ओळख पटली पण परवानगी नाही तर ४०३. सापडलं नाही तर ४०४. आधीच्या स्थितीशी भांडण असेल, उदाहरणार्थ तोच स्लॉट दुसऱ्याने घेतला, तर ४०९. वाचता आलं पण अर्थाला धरून नाही, तर ४२२. फार घाई करतोय तर ४२९. आपली चूक ५००, आणि तात्पुरतं बंद ५०३.

४०० की ४२२ यावर टीममध्ये अर्धा दिवस वाद घालता येतो. घालू नका. फ्रेमवर्क जे मुळात देतं ते स्वीकारा आणि सगळीकडे तेच ठेवा.

वाद घालण्यासारखी जागा आहे ती ४०३ आणि ४०४ची. दुसऱ्या व्यापाऱ्याच्या बुकिंगचा आयडी टाकला आणि ४०३ दिला, तर ते बुकिंग आहे एवढं तरी कळलं. आयडी ओळीने वाढणारे असतील तर आज एकूण किती गाड्या आल्या हेही स्क्रिप्ट लावून काढता येतं. म्हणून परक्या मालाला ४०४ द्या, पण मग सगळ्याच एंडपॉइंटांवर द्या. एकाने ४०४ आणि दुसऱ्याने ४०३ दिला की लपवलेलं दुसऱ्या दाराने उघडं पडतं.

शोधून काही मिळालं नाही ही एरर नव्हे. संध्याकाळी सहानंतरचे स्लॉट मागितले आणि एकही मोकळा नाही, तर २०० आणि रिकामी यादी. ४०४ फक्त गोदामाचाच पत्ता चुकला तर.

२०० देऊन आत एरर लिहिणं का वाईट? कारण मधली सगळी यंत्रणा फक्त स्टेटस वाचते. कॅश त्या एररला यश समजून साठवू शकतो, मॉनिटरिंगचा आलेख हिरवा राहतो, रिट्रायची (पुन्हा प्रयत्न करणारी) लायब्ररी हातच लावत नाही. ग्राफक्यूएलमध्ये (एकाच पत्त्यावर हवा तो डेटा मागायची पद्धत) २०० सोबत 'एरर्स'ची यादी येणं नेहमीचं आहे, पण तिथे सगळे क्लायंट ती यादी बघायचीच हे जाणून लिहिलेले असतात. आपल्या साध्या एचटीटीपी (रेस्ट) एपीआयच्या क्लायंटकडून ती अपेक्षा ठेवू नका.

बॉडीचा आकार स्वतः शोधून काढू नका

एररच्या बॉडीसाठीचं आरएफसी ९४५७ हे इंटरनेटचं स्टँडर्ड जुलै २०२३चं आहे; त्याआधीचं ७८०७ हे २०१६चं, ते आता मागे पडलं. ९४५७मध्ये पाच फील्ड दिली आहेत: टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स. कंटेंट-टाइप 'ॲप्लिकेशन/प्रॉब्लेम+जेसॉन'. त्यात आपली फील्ड घालायला मुभा आहे, म्हणून तीन घाला: कोड, ट्रेस आयडी (ती रिक्वेस्ट लॉगमध्ये शोधायची खूण), आणि एरर्सची यादी. वजन जास्त भरलेल्या गाडीचं उत्तर मग असं दिसेल (प्रत्यक्षात फील्डची नावं अर्थातच रोमन लिपीत):

टाइप: एररच्या माहितीपानाचा पत्ता
टायटल: वजन मर्यादेबाहेर
स्टेटस: ४२२
कोड: वेट_लिमिट_एक्सीडेड
डिटेल: दिलेलं वजन १२,४०० किलो, या गेटची मर्यादा १०,००० किलो
एरर्स: पॉइंटर (चूक असलेल्या फील्डचा मार्ग) '/लोड/वेट_केजी', दिलेलं १२४००, कमाल १००००
ट्रेस आयडी: बत्तीस अक्षरी

यातली खरी मेख 'कोड'मध्ये आहे. वाक्य बदलू शकतं, कोड कधीच बदलत नाही. कुणी वाक्यात 'मर्यादा' हा शब्द शोधून इफ लिहिला असेल, तर शुद्धलेखन सुधारल्याने ॲप मोडेल. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहा की टायटल आणि डिटेल माणसासाठी, कोड प्रोग्रामसाठी. आणि आकडे वेगळ्या फील्डांत सुटे द्या, म्हणजे ॲपला वाक्यातून ते खरवडून काढावे लागणार नाहीत.

पडद्यावर दिसणारं मराठी वाक्य सर्व्हरवर बनवू नका. कोड आणि आकडे घेऊन ॲपने बनवावं. ते लिहिताना इंग्रजी शब्दाला शब्द ठेवला की घोटाळा होतो. 'इनव्हॅलिड व्हेइकल नंबर'चं सर्रास 'अवैध वाहन क्रमांक' केलेलं असतं. ड्रायव्हर ते वाचतो आणि त्याला वाटतं गाडीचे कागद खोटे ठरले. 'गाडीचा नंबर पुन्हा बघून टाका, उदा. एमएच ४३ एबी १२३४' असं लिहिलं की तो नंबर बघतो.

देवनागरी अंकांचा सापळा

मराठी कीबोर्डवरून वजनाच्या रकान्यात '१२०००' देवनागरीत येतं. वेबवर जावास्क्रिप्टची रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवून बघायचा नमुना) आहे, तिथे अंकाची खूण म्हणजे फक्त रोमन अंक. ब्राउझर 'आकडा टाका' म्हणून अडवतो. व्यापारी म्हणतो, मी आकडाच तर टाकलाय. मोबाइल ॲपमध्ये तपासणी नाही, ते थेट सर्व्हरला पाठवतं. सर्व्हर पायथनचा. पायथनमध्ये साध्या स्ट्रिंगवर तीच अंकाची खूण देवनागरी अंकांनाही जुळते, म्हणून तपासणी पार. मजकूर तसाच पोस्टग्रेस डेटाबेसकडे जातो, पोस्टग्रेस पूर्णांक म्हणून तो घेत नाही, एक्सेप्शन सुटतं आणि ५०० येतो. त्याच नोंदीला वेबवर 'रिक्वेस्ट दुरुस्त कर' आणि मोबाइलवर 'आमची चूक'.

उपाय तपासणी कडक करण्याचा नाही. रिक्वेस्ट आत आल्याआल्या, तपासणीच्याही आधी, देवनागरी अंक रोमन अंकांत बदलून घ्या. गाडीच्या नंबरलाही हेच, शिवाय मधल्या मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढून टाका. मग एकच तपासणी करा आणि ती सर्व्हरवर करा. ब्राउझरमधली तपासणी फक्त सोयीची.

सगळं एका जागी आणताना

बिझनेस लॉजिकमध्ये स्टेटस कोड लिहायचे नाहीत. तिथे फक्त 'स्लॉट भरला' असं नाव असलेलं एक्सेप्शन फेकायचं, आणि दारात बसलेल्या एकाच हँडलरने त्याचं स्टेटस, कोड आणि बॉडीत रूपांतर करायचं. कुठल्या एक्सेप्शनला कोणता कोड आणि स्टेटस, ही जोडी कुठे लिहायची? एका फाइलमध्ये: कोड, स्टेटस, पाचांपैकी प्रकार, ॲपने वापरायचं मराठी वाक्य, इंग्रजी वाक्य, सांभाळणारी टीम. त्या फाइलमध्ये नसलेला कोड कुणी वापरला की बिल्ड फसलं पाहिजे.

फास्टएपीआयमध्ये तीन हँडलर लागतात: व्हॅलिडेशनचा, एचटीटीपी-एक्सेप्शनचा, आणि उरलेल्या सगळ्याचा. दुसरा नोंदवताना स्टारलेटचं (फास्टएपीआय ज्यावर उभं आहे ते फ्रेमवर्क) एचटीटीपी-एक्सेप्शन द्या, फास्टएपीआयचं नको. नाहीतर राउटरचा स्वतःचा ४०४ निसटतो. जावास्क्रिप्टच्या एक्सप्रेस फ्रेमवर्कमध्ये एरर हँडलर चार पॅरामीटरांचाच लागतो. चौथा वापरत नाही म्हणून काढून टाकला की एक्सप्रेस त्याला साधं मिडलवेअर समजतं आणि एरर त्याच्याकडे जातच नाही. तो सगळ्या राउटांच्या नंतर लावा. एक्सप्रेस ४मध्ये असिंक फंक्शनमधली फसलेली प्रॉमिस आपोआप तिथे पोचत नाही, पाचव्या व्हर्जनपासून पोचते. स्प्रिंग ६पासून प्रॉब्लेमडिटेल नावाचा क्लास तयार मिळतो, तोच घ्या.

एन्जिनएक्सच्या स्वतःच्या ४१३, ५०२, ५०४ साठी एरर-पेज निर्देश लावून त्याच साच्याचं जेसॉन द्या. प्रॉक्सी-इंटरसेप्ट-एरर्स मात्र बंदच असू द्या, चालू केलं तर ॲपने नीट बनवलेल्या एररवरही प्रॉक्सी आपलं पान चढवेल. एवढं करूनही मधला कुठलातरी लोड बॅलन्सर कधीतरी एचटीएमएल पाठवेलच. म्हणून क्लायंटने जेसॉन वाचण्याआधी कंटेंट-टाइप बघावा. ब्राउझरमधलं फेच हे फंक्शन ४०४ किंवा ५०० आला तरी एरर फेकत नाही, 'ओके' तपासावं लागतं. ॲक्सिऑस ही लायब्ररी मात्र फेकते. एकाच वेबमध्ये दोन्ही वापरत असाल तर एका रॅपरमागे घाला.

टाइमआउटची उतरंड आणि तो पाचवा प्रकार

आतल्या थराचा टाइमआउट बाहेरच्यापेक्षा कमी हवा. डेटाबेसला ५ सेकंद, ॲपला १०, प्रॉक्सीला १५, मोबाइलला २०, असं काहीतरी. उलटं झालं तर, म्हणजे प्रॉक्सी १५ला थकला आणि डेटाबेस तिसाव्या सेकंदाला काम पूर्ण करून बसला, तर ड्रायव्हरला ५०४ दिसतो आणि स्लॉट तर घेतलेला असतो. तो पुन्हा दाबतो. एका गाडीचे दोन स्लॉट, आणि मागच्या गाडीला जागा नाही.

उतरंड नीट असली तरी मोबाइलचं नेटवर्क मध्येच गेलं की हेच होतं: काम झालं की नाही कळत नाही, तोच पाचवा प्रकार. त्यासाठी आयडम्पोटन्सी की, म्हणजे एकच काम दोनदा होऊ नये म्हणून रिक्वेस्टसोबत जाणारी खूण. बटण दाबलं की ॲपने एक यूयूआयडी (सहसा दुसरीकडे न येणारा लांब क्रमांक) बनवायचा आणि त्या बुकिंगच्या सगळ्या प्रयत्नांना तोच पाठवायचा. प्रत्येक प्रयत्नाला नवा बनवला तर सगळं मुसळ केरात. सर्व्हरने ती की युनिक कन्स्ट्रेंट (तेच मूल्य दोनदा न घेणारा नियम) असलेल्या टेबलात, बुकिंगच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, बॉडीच्या हॅशसह लिहायची आणि निदान २४ तास ठेवायची. तीच की, तीच बॉडी आली की पहिलंच उत्तर परत द्या. तीच की पण बॉडी वेगळी, तर ४२२. पहिली रिक्वेस्ट अजून चालू असेल तर ४०९.

रिट्राय फक्त ४२९, ५०२, ५०३, ५०४ आणि तुटलेल्या कनेक्शनवर. बुकिंगसारख्या कामाला ही की असेल तरच. साधारण १, २, ४ सेकंद थांबून तीन प्रयत्न, आणि प्रत्येक थांब्यात थोडा यादृच्छिक फरक, नाहीतर पहाटे रांगेत उभ्या असलेल्या शंभर गाड्यांचे फोन एकाच सेकंदाला परत धडकतात. रिट्राय-आफ्टर हेडर आला तर त्याचं ऐका. त्यात सेकंद असू शकतात किंवा तारीख. दोन्ही वाचता आलं पाहिजे.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनी एचटीटीपी नाही म्हणून सुटका झाली असं समजू नये. सी भाषेत 'ओपन' फसलं की उणे एक देतं आणि कारण 'एरनो'मध्ये ठेवतं, 'पीथ्रेड-क्रिएट' एरर क्रमांक थेट परत देतं, आणि 'एममॅप' नल न देता उणे एकचा पॉइंटर देतं. विंडोजमध्ये फाइल उघडता आली नाही तर उणे एकचं हँडल, इव्हेंट बनवता आला नाही तर नल. ही सगळी मंडळी दशकांपासून अशीच आहेत, कारण एकदा लोक वापरू लागले की बदलता येत नाही.

जुने क्लायंट न मोडता

बॉडीत नवी फील्ड घालणं सहसा निर्धोक असतं. जुनं 'मेसेज' तसंच ठेवा, शेजारी कोड आणि बाकीचं द्या. मोडतोड होते ती स्टेटस बदलल्याने: २०० चा ४०९ केला की 'सक्सेस' बघणारं जुनं ॲप वेगळ्याच फांदीत शिरतं. म्हणून नवे स्टेटस नव्या व्हर्जनच्या पत्त्यावर द्या आणि प्रत्येक रिक्वेस्टमध्ये ॲपचा व्हर्जन क्रमांक लॉग करा. ड्रायव्हरच्या फोनमध्ये जागा नसते, अपडेट महिनोन्महिने होत नाही. जुन्या पत्त्यावर किती रिक्वेस्ट उरल्यात ते बघूनच तो बंद करा. बंद करायची तारीख सनसेट हेडरमध्ये द्यायची सोय आरएफसी ८५९४मध्ये आहे.

सुरुवातीची अकरा वाईट रिक्वेस्टची यादी फेकू नका. तिचीच टेस्ट करा, ओपनएपीआयच्या फाइलमधून (तिच्यात सगळ्या एंडपॉइंटांचं वर्णन असतं) सगळे पत्ते उचला, आणि प्रत्येक उत्तराला तीन गोष्टी तपासा: कंटेंट-टाइप ठरलेला आहे, कोड फाइलमध्ये आहे, ट्रेस आयडी आहे. तयार साधन हवं असेल तर स्कीमाथेसिस त्याच फाइलवरून वेड्यावाकड्या रिक्वेस्ट स्वतः बनवतं. टेस्ट प्रॉक्सीमागून चालवा, थेट ॲपवर नको.

राहिला ट्रेस आयडी. डब्ल्यूथ्रीसीच्या ट्रेसपेरेंट हेडरमधला आयडी ३२ हेक्स अक्षरांचा असतो. लॉगला तो उत्तम, पण गेटवर उभं राहून, मागे हॉर्न वाजत असताना, तो फोनवर वाचून दाखवणं अशक्य. 'बी' की 'डी' यातच वेळ जातो. त्याच्या जोडीला सर्व्हरने सहा अंकी, निव्वळ आकड्यांचा तक्रार क्रमांक बनवून लॉगमध्ये ट्रेस आयडीशेजारी लिहावा, आणि पडद्यावर तीन-तीनच्या गटात, ठळक दाखवावा: ४०७ ३१८. तारीख आणि हे सहा अंक मिळाले की महापेच्या ऑफिसातल्या सपोर्टच्या माणसाला नेमकी रिक्वेस्ट सापडते.